फिलिस व्हीटलीच्या पुस्तकावर अठरा सह्या कशासाठी?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपल्या चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असते. तरुणपणी जोतीरावांनी थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले होते, हेही आपण भाषणांतून सांगतो. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. अमेरिकेतील शोषितांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते असे जुने आहे.

तरीही या नात्यात एक मोठी पोकळी राहून गेली आहे, असे आमचे मत आहे. अमेरिकेतील गुलामगिरी कोणी संपवली असे विचारले की आपण लिंकनचे नाव घेतो आणि तिथून थेट मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स यांच्याकडे येतो. त्याआधीच्या दीड-दोनशे वर्षांत गुलाम स्वतः काय बोलत होते, काय लिहीत होते? ज्यांची जमीन गेली ते तिथले आदिवासी काय लिहीत होते? आम्ही इंग्रजी घेऊन एम.ए. केले. 'अमेरिकन साहित्य' या पेपरात बेंजामिन फ्रँकलिन, इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, व्हिटमन होते. गुलामाने किंवा आदिवासीने लिहिलेले एकही पान वर्षभरात आमच्या हाती पडले नाही. त्यामुळे आम्हीही समजून चाललो की त्या काळात या लोकांनी काही लिहिलेच नसणार. ज्यांना अक्षरबंदी होती ते लिहिणार कसे?

हा समज खोटा होता. त्यांनी लिहिले होते, छापले होते आणि त्यासाठी किंमतही मोजली होती. आम्हाला ते शिकवले गेले नाही. 'लिहिले नाही' आणि 'शिकवले नाही' या दोन गोष्टींतला फरक प्रत्येक आंबेडकरी विद्यार्थ्याने समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या पूर्वजांच्या बाबतीतही हीच गल्लत वारंवार केली जाते.

सुरुवात फिलिस व्हीटलीपासून करू. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेली एक मुलगी बोस्टनच्या बंदरात विकली गेली. तिचे पुढचे दुधाचे दात पडलेले होते, त्यावरून तिचे वय सात-आठ असावे असा अंदाज बांधला गेला. ज्या जहाजातून आणले त्या जहाजाचे 'फिलिस' हे नाव तिला मिळाले आणि ज्याने विकत घेतले त्या मालकाचे 'व्हीटली' हे आडनाव. तिचे मूळ नाव कुठेही नोंदलेले नाही. ही मुलगी इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली आणि किशोरवयातच कविता लिहू लागली. १७७२ मध्ये तिच्या कवितांचे पुस्तक काढण्यासाठी बोस्टनमध्ये वर्गणीदार मिळवण्याचा प्रयत्न झाला, पण पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. अखेर १७७३ साली ते पुस्तक लंडनमध्ये छापले गेले. आफ्रिकी वंशाच्या व्यक्तीचे इंग्रजीतील हे पहिले प्रकाशित काव्यपुस्तक मानले जाते. 'गुलामगिरी'च्या बरोबर शंभर वर्षे आधीचे.

या पुस्तकाच्या सुरुवातीला एक दाखला जोडलेला आहे. बोस्टनमधल्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांनी त्यावर सह्या केल्या आहेत. या कविता खरोखर या गुलाम मुलीनेच लिहिल्या आहेत असे आम्ही मानतो, असा त्याचा आशय. सही करणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर थॉमस हचिन्सन होता आणि तीन वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा जॉन हॅन्कॉकही होता. यांतले अनेक जण स्वतः गुलाम बाळगून होते. म्हणजे जिला माणूस म्हणून मोकळे ठेवायला ही मंडळी तयार नव्हती, तिच्या बुद्धीचा दाखला मात्र त्यांच्याच सहीने पक्का होणार होता. तेव्हाच्या कोणत्याही गोऱ्या कवीला, ही कविता तुझीच कशावरून, असे सिद्ध करावे लागले नव्हते.

आपल्यातल्या ज्या मुलांनी वर्गात चांगले गुण मिळवल्यावर 'कॉपी केली का रे?' हा प्रश्न ऐकला आहे, त्यांना या अठरा सह्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

एवढे दाखले देऊनही काय झाले ते पाहा. 'सर्व माणसे समान आहेत' हे वाक्य ज्याच्या लेखणीतून जाहीरनाम्यात उतरले, त्या थॉमस जेफरसनने १७८५ साली छापलेल्या व्हर्जिनियाविषयीच्या आपल्या ग्रंथात फिलिसच्या कविता टीका करण्याच्याही योग्यतेच्या नाहीत असा निकाल दिला. तिचे नावही त्याने चुकीचे लिहिले. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगणाऱ्या या गृहस्थाला काळ्यांमध्ये काव्य असूच शकत नाही हे ठरवणे आवश्यक होते. ते काव्य आहे असे मान्य केले असते तर त्यांना गुलाम ठेवण्याचा आधारच डळमळला असता. फिलिस तोवर हयात नव्हती. तिने १७७९ मध्ये दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली होती, वर्गणीदार मिळाले नाहीत आणि ते हस्तलिखित पुढे हरवले. १७८४ साली वयाच्या तिशीच्या आसपास, गरिबीत ती वारली.

इथे 'गुणवत्ता' हा शब्द येतो. अभ्यासक्रमात काळ्यांचे, आदिवासींचे साहित्य घ्या म्हटले की अमेरिकेतही प्राध्यापकांची एक फळी हेच म्हणत आली आहे: गुणवत्ता असेल तर येईलच की, आम्ही कुठे अडवले? आरक्षणाच्या वादात आपण हेच वाक्य ऐकतो. त्याला उत्तर म्हणून दोन हस्तलिखितांची हकीकत सांगतो.

पहिले हस्तलिखित एडवर्ड टेलरचे. हा मॅसॅच्युसेट्समधला प्युरिटन धर्मोपदेशक १७२९ साली वारला. त्याच्या कविता येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून होत्या. १९३७ मध्ये एका अभ्यासकाने त्या उजेडात आणल्या, १९३९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि पाहता पाहता टेलर हा वसाहतकाळातला थोर कवी ठरून सगळ्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. दोनशे वर्षे ज्याचे नाव कोणी घेतले नव्हते, त्याला जागा मिळायला काही वर्षे पुरली.

दुसरे हस्तलिखित सॅमसन ऑकमचे. ऑकम हा मोहीगन जमातीचा आदिवासी, जन्म १७२३. तो शिकला, ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला. आदिवासी मुलांच्या शाळेसाठी पैसा जमवायला त्याला इंग्लंड-स्कॉटलंडला पाठवले गेले. तिथे त्याने गावोगावी प्रवचने देऊन सुमारे १२,००० पौंड उभे केले. तो १७६८ मध्ये परतला आणि १७६९ मध्ये त्याच पैशाच्या बळावर डार्टमथ कॉलेज स्थापन झाले. पण ते प्रामुख्याने गोऱ्या मुलांसाठी चालले. ज्यांच्या नावाने पैसा गोळा केला, त्यांना बाहेर ठेवून संस्था उभी राहिली. ऑकमने या फसवणुकीबद्दल संस्थाचालकाला पत्र लिहून जाब विचारला होता.

१७६८ मध्येच ऑकमने आपल्या आयुष्याची छोटी हकीकत लिहून काढली. आपल्याबद्दल पसरवलेल्या चुकीच्या गोष्टींना ते उत्तर होते. त्यात तो हिशोब मांडतो. आपल्याला बारा वर्षांच्या कामाचे जेवढे पैसे दिले, तेवढे दुसऱ्या मिशनवर एका वर्षाला खर्च केले, असे तो दाखवून देतो. पोट भरण्यासाठी आपल्याला लाकडी चमचे, बादल्या करून विकाव्या लागल्या, जुन्या पुस्तकांची बांधणी करावी लागली, हेही सांगतो. आणि शेवटी निष्कर्ष काढतो की आपल्याला असे वागवले गेले, कारण आपण आदिवासी आहोत. देवाने आपल्याला तसे जन्माला घातले यात आपला दोष काय, असा त्याचा सवाल आहे. आपल्याकडच्या दलित आत्मकथनांचा वाचक हे वाचून लगेच ओळखेल की हा स्वर आपल्या ओळखीचा आहे.

हे हस्तलिखित कुठल्या माळ्यावर हरवलेले नव्हते. ते डार्टमथच्याच संग्रहात होते. ते छापले गेले १९८२ मध्ये. ज्या कॉलेजच्या इमारती ऑकमच्या पैशावर उभ्या राहिल्या, त्याच कॉलेजच्या कपाटात त्याचे आत्मकथन दोनशेहून अधिक वर्षे पडून राहिले. डार्टमथने ऑकमची कागदपत्रे मोहीगन जमातीकडे परत केली ती २०२२ साली.

टेलरच्या कवितांत गुण नाहीत असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न इतकाच आहे की एका हस्तलिखिताचे गुण काही वर्षांत दिसतात आणि दुसऱ्याचे दोन शतके दिसत नाहीत, हे पाहणाऱ्याच्या नजरेमुळे होते की कागदावरच्या मजकुरामुळे? हर्मन मेलव्हिलसारखा गोरा लेखकसुद्धा १८९१ साली जवळपास विस्मृतीत वारला. 'मोबी-डिक' ही थोर कादंबरी आहे हे विसाव्या शतकात, विशेषतः १९२० नंतर, अभ्यासकांनी प्रयत्नपूर्वक प्रस्थापित केले. त्यानंतर १९४१ साली एफ. ओ. मॅथिसन या प्राध्यापकाने इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल, व्हिटमन या पाच जणांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि तीच पाच नावे पुढे जगभरच्या अभ्यासक्रमांचा कणा झाली. पाचही पुरुष, पाचही गोरे. इंग्रजी विभागात ज्याला 'कॅनन' म्हणतात, म्हणजे सर्वमान्य ग्रंथांची जी यादी असते, ती माणसांनी ठरवलेली असते. ती कधी, कोणी आणि कशासाठी ठरवली हे सांगता येते, म्हणून ती बदलताही येते.

ती बदलली कशी? आपोआप नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात काळ्यांच्या मतदानहक्काची चळवळ सुरू असताना 'फ्रीडम स्कूल' नावाच्या शाळा चालवल्या गेल्या. काळ्या मुलांना त्यांचा स्वतःचा इतिहास तिथे शिकवला गेला. १९६८-६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात काळ्या आणि इतर वर्णीय विद्यार्थ्यांनी सुमारे पाच महिने संप केला आणि आपल्या समाजांच्या अभ्यासाचे स्वतंत्र विभाग मिळवले. फ्रीडम स्कूलमध्ये काम केलेल्या पॉल लॉटर या प्राध्यापकाने पुढे अनेक सहकाऱ्यांना जमवून 'हीथ अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन लिटरेचर' हा दोन खंडांचा ग्रंथ तयार केला. तो १९९० मध्ये आला. त्याची सुरुवात प्युरिटनांच्या जहाजापासून होत नाही, आदिवासींच्या मौखिक परंपरांपासून होते. आज जुन्या प्रतिष्ठित पाठ्यग्रंथांनाही व्हीटली, ऑकम यांना जागा द्यावी लागली आहे. आधी रस्त्यावर लढा झाला, मग पाठ्यपुस्तक बदलले. हा क्रम आपण विसरता कामा नये.

आणि मिळालेली जागा कायमची असते असेही नाही. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याच्या शिक्षण खात्याने शाळांसाठी तयार झालेला आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा नवा अभ्यासक्रम नाकारला. प्रतिक्रांती अभ्यासक्रमातूनच सुरू होते, हे तिथेही खरे आहे.

आता मुख्य मुद्दा. अभ्यासक्रम रुंद करणे म्हणजे काय? गोऱ्या लेखकांच्या यादीच्या शेवटी एक कविता फिलिसची चिकटवायची आणि 'आम्ही सर्वसमावेशक झालो' म्हणायचे, असे करून भागणार नाही. ती पुन्हा एक मेहेरबानीची सही झाली, एकोणिसावी. एकीकडचे पान वाचले की दुसरीकडचे पानही उघडावे लागेल अशी मांडणी हवी.

उदाहरण घ्या. मेरी रोलंडसन या गोऱ्या बाईला १६७६ मध्ये आदिवासींनी युद्धात कैद केले होते. तिची हकीकत १६८२ साली छापली गेली. आरंभीच्या अमेरिकन साहित्यात ते महत्त्वाचे पुस्तक म्हणून शिकवतात. त्यात आदिवासी म्हणजे हिंस्र श्वापदे. पण हे पुस्तक ज्या छापखान्यातून निघाले तिथे जेम्स प्रिंटर नावाचा निपमक जमातीचा माणूस काम करत होता. १६६३ साली मॅसॅच्युसेट्समधील आदिवासींच्या भाषेत छापलेल्या बायबलच्या छपाईतही त्याचा हात होता. रोलंडसनच्या सुटकेच्या वाटाघाटीत लेखनिकाचे काम त्याने केले आणि तिच्या पुस्तकाचे खिळेही त्यानेच जुळवले, असे अभ्यासक मानतात. ज्यांना पुस्तकात रानटी म्हटले, त्यांच्यातल्याच एकाच्या बोटांनी ती अक्षरे जुळवली. हे सांगितल्याशिवाय ते पुस्तक शिकवणे म्हणजे अर्धा इतिहास शिकवणे होय.

त्याच युद्धात आदिवासींचे नेतृत्व करणारा मेटाकॉम मारला गेला. त्याचे मुंडके प्लिमथ गावात वर्षानुवर्षे खांबावर टांगून ठेवले होते. विल्यम एपेस या पीक्वॉट जमातीच्या लेखकाने १८३६ साली खुद्द बोस्टनमध्ये उभे राहून मेटाकॉमचे गौरवपर भाषण केले, त्याला वॉशिंग्टनच्या तोडीचा ठरवले आणि चार जुलैचा स्वातंत्र्यदिन हा आमच्यासाठी शोकाचा दिवस आहे असे गोऱ्या श्रोत्यांना सुनावले. फ्रेडरिक डग्लसचे चार जुलैवरचे प्रसिद्ध भाषण त्यानंतर सोळा वर्षांनी झाले. रोलंडसनबरोबर एपेस वाचला पाहिजे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबरोबर प्रिन्स हॉल आणि त्याच्या साथीदारांनी १७७७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला दिलेला अर्ज वाचला पाहिजे. जाहीरनाम्याचाच तर्क वापरून त्यांनी गुलामांची मुक्तता मागितली होती.

आणि जेफरसनबरोबर डेव्हिड वॉकर वाचला पाहिजे. वॉकरचे बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान होते. १८२९ साली त्याने गुलामगिरीविरुद्ध जळजळीत पुस्तिका काढली आणि खलाशांच्या हातून ती दक्षिणेत पोहोचवली. ती रोखण्यासाठी दक्षिणेतल्या राज्यांनी कडक कायदे केले. या पुस्तिकेत वॉकर आपल्या काळ्या बांधवांना काय सांगतो? जेफरसनचे ते पुस्तक विकत घ्या आणि आपल्या मुलाच्या हाती द्या. गोऱ्या मित्रांनी दिलेले उत्तर पुरेसे नाही, आपल्याला काय म्हटले आहे ते आपण स्वतः वाचून आपणच उत्तर दिले पाहिजे. बाबासाहेबांनी स्मृती आणि पुराणे किती बारकाईने वाचली होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वॉकरचा हा सल्ला परका वाटणार नाही. प्रस्थापितांची पुस्तके फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. ती उत्तरासकट वाचा, असे म्हणतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शोषितांचे लेखन म्हणजे सगळेच निर्दोष असते असे मानू नका. १७७४ मध्ये ऑकम आणि त्याच्या साथीदारांच्या वसाहतीसाठी ओनायडा जमातीने जमीन दिली, तेव्हा त्या करारात काळ्यांशी रक्तसंबंध असलेल्यांना ती जमीन मिळणार नाही अशी अट होती. त्याच वर्षी फिलिसने ऑकमला एक पत्र लिहिले होते. काळ्यांच्या हक्कांबद्दल ऑकमने मांडलेल्या विचारांचे त्यात तिने समाधान व्यक्त केले आणि स्वातंत्र्याचा घोष करत दुसऱ्यांना दाबणाऱ्यांची विसंगती उघड केली. ते पत्र वर्तमानपत्रांत छापलेही गेले. एकाच वर्षातले हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता शोषितांनाही एकमेकांपासून कशी तोडते ते दिसते. फिलिसला तर पुढे काही काळ्या लेखकांनीच गोऱ्यांची नक्कल करणारी म्हटले. वाद असू द्या. पण वाद घालण्यासाठी आधी ते लेखन विद्यार्थ्यांच्या हाती असले पाहिजे.

यात आपले काय? जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. आपण निग्रोंच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत असे सांगून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या. इतक्या धामधुमीच्या वर्षातही त्यांना मूळ कागद हवा होता. आपण घोषणांपुरते नाते ठेवतो, ते कागदापर्यंत जात होते.

आणि आपल्याच घरातला कागद आठवा. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. हे पत्र अमेरिकन मराठी मिशनचे होते. मराठी गद्याच्या इतिहासात या निबंधाला सुरुवातीच्या प्रकरणात स्थान हवे. किती विद्यापीठांत ते आहे, हे प्रत्येकाने आपला अभ्यासक्रम उघडून तपासावे.

म्हणून तरुणांना आमचे तीन गोष्टींचे आवाहन आहे. एक, वसतिगृहात आणि वाचनालयात अभ्यासगट करून व्हीटली, ऑकम, वॉकर, एपेस यांचे मूळ लेखन वाचा. ते इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे. दोन, ज्यांचे इंग्रजी चांगले आहे त्यांनी त्याचे मराठी अनुवाद करा. तीन, जे प्राध्यापक झाले आहेत त्यांनी अभ्यास मंडळाच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा. कोणी 'गुणवत्ता' म्हणून अडवले, तर त्यांना त्या दोन हस्तलिखितांची हकीकत सांगा.

फिलिसला अठरा सह्या गोळा कराव्या लागल्या. आपण तिचे पुस्तक वाचायला कोणाच्याही सहीची वाट पाहण्याची गरज नाही.

जय भीम!